मोटारीचा विमा : तिऱ्हाइताचा आणि स्वतःचा

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला तिची किंमत पाठ असते, एका लिटरात ती किती धावते हेही तो न अडखळता सांगतो. परंतु तिच्या विम्यात नेमके काय उतरविले आहे असे विचारले, तर ‘विमा आहे की!’ यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही. विमापत्र गाडीच्या कप्प्यात घडी करून ठेवलेले असते आणि ते उघडण्याचा प्रसंग वाहतूक पोलिसाने हटकल्यावर किंवा अपघात घडल्यावरच येतो. पहिल्या प्रसंगी कोणतेही मुदतीतले विमापत्र पुरते. दुसऱ्या प्रसंगी मात्र त्या कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, यावर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई अवलंबून असू शकते.

‘मोटारीचा विमा’ या एका नावाखाली वस्तुतः दोन निरनिराळे करार वावरत असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी दगावले किंवा कोणाची मालमत्ता मोडली, तर त्याची भरपाई देण्याचा पहिला करार. हा तिऱ्हाइताचा विमा होय. आपली स्वतःची गाडी मोडली, जळली, बुडाली किंवा चोरीस गेली, तर तिची भरपाई देण्याचा दुसरा करार. पहिला सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. गाडीला ओरखडा उमटला की मालकाचा जीव हळहळतो तो दुसऱ्या कराराच्या चिंतेने. परंतु खरा धोका पहिल्यात दडलेला असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ही सक्ती काही नवी नव्हे. ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने ती आणली. हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती समाविष्ट झाली, परंतु विम्याचे ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले ते १ जुलै १९४६ पासून. पुढे १९८८ चा कायदा आला आणि त्याच्या १४६ व्या कलमाने तीच अट कायम ठेवली : तिऱ्हाइताचा विमा असल्याखेरीज सार्वजनिक जागी मोटार चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही अट मोडणाऱ्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपयांचा आहे. दंडाची ही रक्कम पाहून ‘एवढेच ना!’ असे म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांनी पुढील हिशेब सावकाश वाचावा.

समजा, एका गाडीच्या धडकेने ३५ वर्षांचा एक स्वतंत्र व्यावसायिक मृत्यू पावला. त्याची मासिक प्राप्ती ३०,००० रुपये आणि त्याच्यावर चार माणसे अवलंबून. भरपाई कशी काढावयाची याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी या प्रकरणांत आखून दिली आहे. वार्षिक प्राप्ती ३,६०,००० रुपये. भावी उत्कर्षापोटी तीत ४० टक्के मिळवावयाचे, म्हणजे ५,०४,००० झाले. मृताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की ३,७८,००० उरतात. या वयासाठी ठरलेला गुणक १६ आहे. गुणाकार ६०,४८,००० रुपये होतो. अंत्यविधी आदी ठरावीक रकमा आणि व्याज निराळे. गाडीचा विमा असेल तर ही रक्कम विमा कंपनी भरते, आणि मृत्यू व इजा यांबाबत तिच्या देण्याला खासगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात रकमेची मर्यादा नसते. विमा नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निवाडा मालकावर बजावला जातो, आणि वसुलीची पाळी आली की घर, ठेवी, दुकान यांवर टाच येते.

साठ लाखांच्या या जोखमीसाठी हप्ता किती? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरपत्रकानुसार १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असे दर ठरविण्यात आले. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे दर सुमारे १५ टक्क्यांनी कमी ठेवले गेले. त्यावर वस्तू व सेवा कर पडतो. हे दर कंपन्यांच्या मर्जीवर नाहीत. सर्व कंपन्यांना ते सारखेच बंधनकारक असतात. तेव्हा ‘अमक्याकडे तिऱ्हाइताचा विमा स्वस्त मिळतो’ असे कोणी सांगू लागला, तर त्याने दिलेले विमापत्र खरे आहे की खोटे याची आधी चौकशी करावी. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र मर्यादा आहे. खासगी मोटारीस ती सामान्यतः साडेसात लाख रुपयांची असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिऱ्हाइताचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. यातून एक विचित्र गैरसमज पसरला आहे. पहिल्या वर्षाअखेर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा संपतो. परंतु हातातल्या कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते, आणि मालक निर्धास्त राहतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते तेव्हा उलगडा होतो. विमापत्रावर दोन मुदती स्वतंत्रपणे छापलेल्या असतात. दोन्ही वाचावयाच्या असतात.

आता एक नाजूक प्रश्न : तिऱ्हाईत म्हणजे कोण? पादचारी, सायकलवाला, समोरच्या वाहनातील माणसे हे तर झालेच. पण स्वतःच्याच मोटारीत शेजारी बसलेली पत्नी, मागच्या आसनावरील वृद्ध वडील, वाटेत लिफ्ट दिलेला स्नेही? केवळ कायद्यापुरता सक्तीचा विमा घेतलेला असेल, तर खासगी मोटारीतून विनाभाडे नेलेली ही माणसे त्या विम्याच्या छत्राखाली येत नाहीत, असा न्यायालयांचा रोख आहे. उलट, दोन्ही करार एकत्र असलेले सर्वसमावेशक विमापत्र असेल, तर गाडीतील माणसांची जबाबदारीही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बालकृष्णन प्रकरणात हा भेद विशद केला. जुनी गाडी, तिची किंमत ती काय राहिली, म्हणून केवळ सक्तीचा विमा पुरे, असे म्हणणारा गृहस्थ गाडीची किंमत मोजत असतो. गाडीत बसणारांची मोजणी तो विसरलेला असतो.

आणि खुद्द चालक-मालक? तो तर कोणत्याही अर्थाने तिऱ्हाईत नव्हे. त्याच्यासाठी पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. अन्यत्र तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच असेल, तर तो पुन्हा घेण्याची गरज नाही. परवाना मुदतीत नसेल, तर तो मिळण्याची आशा धरू नये. पगारी चालक ठेवलेला असल्यास त्याच्यासाठी फार किरकोळ जादा हप्ता पडतो. तो वाचविण्यात अर्थ नाही.

स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता शहरागणिक का बदलतो, हे कुतूहलाचे आहे. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकाने देशाचे दोन विभाग पाडले होते. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोलकाता व नवी दिल्ली ही आठ शहरे; उरलेला सारा देश ‘ब’ विभागात. म्हणजे हैदराबादचा मराठी मोटारवाला पुणेकराच्या पंक्तीला, तर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव आणि अवघा गोवा दुसऱ्या पंक्तीला. गाडी कोठे धावते यावर नव्हे, तर तिची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली यावर विभाग ठरत असे. पाच वर्षांच्या आतील मध्यम इंजिनाच्या गाडीस ‘अ’ विभागात विमित मूल्याच्या ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. साडेसात लाखांच्या गाडीमागे हा फरक सातशे रुपयांच्याही आतच भरतो. महानगराचा मोटारवाला ‘शहरामुळे विमा महाग’ अशी जी कुरकूर करतो, तिचे मूळ या विभागणीत फारसे नव्हते.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापल्या अनुभवावरून दर लावते. एखाद्या शहरात चोऱ्या अधिक, एखाद्यात पाणी साचण्याचे प्रमाण अधिक, एखाद्या जातीच्या गाडीचे सुटे भाग महाग; हे सारे हिशेबात येते. म्हणूनच एकाच गाडीसाठी दोन कंपन्यांनी मागितलेल्या रकमांत लक्षणीय अंतर पडते. गाडी विकणारा विक्रेता जे विमापत्र पुढे करतो तेच घेतले पाहिजे असे कोणतेही बंधन खरेदीदारावर नाही. चार ठिकाणी विचारपूस करण्याचा हक्क त्याने वापरला, तर विक्रेत्याच्या कपाळावर आठी पडते, एवढेच.

मात्र निव्वळ हप्ता ताडून पाहणे फसवे ठरते. विमित मूल्य कमी धरले की हप्ता आपोआप उतरतो, आणि गाडी चोरीला गेली की मिळणारी रक्कमही तितकीच उतरते. हे मूल्य म्हणजे कारखान्याने जाहीर केलेल्या चालू किमतीतून घसारा वजा जाता उरणारी रक्कम. गाडी सहा महिन्यांच्या आतली असल्यास ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के असा हा घसारा आहे. पुढे कंपनी व मालक यांनी आपसात ठरवावे. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या पाऊणपटीहून अधिक होऊ लागला, की गाडी पूर्णतः निकामी झाली असे समजून त्या मूल्याप्रमाणे हिशेब मिटविला जातो.

किरकोळ अपघातात मात्र दुसराच घसारा लागू होतो आणि बहुतेक वादांचे मूळ तेथे असते. नवा भाग बसविला म्हणून कंपनी त्याची पूर्ण किंमत देत नाही, कारण मोडला तो जुना भाग होता. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर निम्मी कपात. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. ग्वाल्हेरच्या महाराजवाड्याजवळ किंवा इंदूरच्या राजवाड्यामागील गर्दीत साडेतीन वर्षांच्या एका गाडीला धक्का बसला असे समजा. बंपर ८,००० रुपये, पत्र्याचा दरवाजा १६,०००, काच ६,०००, रंगाचे सामान ४,००० आणि मजुरी ६,०००, एकूण ४०,०००. यात बंपराचे ४,०००, दरवाजाचे पंचवीस टक्के घसारा जाऊन १२,०००, काचेचे पूर्ण ६,०००, रंगाचे निम्मे म्हणजे २,००० आणि मजुरी ६,००० मान्य होतात, बेरीज ३०,०००. त्यातून दर खेपेस मालकाने स्वतः सोसावयाची सक्तीची रक्कम, लहान इंजिनास १,००० व दीड हजार घनसेंटिमीटरवरील इंजिनास २,००० रुपये, वजा होते. लहान गाडीच्या मालकाच्या पदरी २९,००० पडतात आणि ११,००० खिशातून जातात. हा फसवणुकीचा प्रकार नाही. करारच तसा आहे. ‘शून्य घसारा’ नावाची जोड घेतल्यास ही कपात टळते. पहिली काही वर्षे, गर्दीच्या शहरात, ही जोड घेण्याजोगी आहे.

पण पैसे मिळतात म्हणून प्रत्येक ओरखड्यासाठी दावा करावा काय? येथे नो क्लेम बोनसचे गणित आडवे येते. एकही दावा न करता वर्ष गेले, की पुढील वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट. मग क्रमाने २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्के. एक दावा केला की सूट शून्यावर येते व शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. पन्नास टक्क्यांवर पोहोचलेला मालक दावा करतो तेव्हा पुढील पाच वर्षांत तो अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट गमावतो. बेरीज १२५ टक्के. म्हणजे एका दाव्याची छुपी किंमत जवळजवळ सव्वा वर्षाच्या मूळ हप्त्याइतकी. गाडीचे मूल्य दरसाल घटत असल्याने प्रत्यक्षात ती काहीशी कमी भरेल. मूळ हप्ता बारा हजार असणाऱ्याने सहा-सात हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा केला, तर त्याने उसनवारीच केली असे म्हणावे लागेल. बेळगावच्या खडे बाजारात किंवा बडोद्याच्या मांडवीच्या वळणावर रिक्षाने लावलेला ओरखडा गॅरेजवाल्याकडून परस्पर पुसून घेणे हाच बहुधा शहाणपणाचा व्यवहार. ही सूट वाचविणारी निराळी जोडही मिळते. ती कितीदा वापरता येते हे आधी वाचून घ्यावे.

शहरी मोटारीचा खरा शत्रू अलीकडे धक्का नव्हे, पाणी ठरू लागले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या वस्त्या बुडाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या सोसायट्यांत शिरले. सर्वसमावेशक विमापत्रात पूर ही जोखीम समाविष्ट असते. आसने भिजली, वायरी कुजल्या, तर भरपाई मिळते. इंजिनाची गोष्ट मात्र निराळी. पाण्यात उभी असलेली गाडी चालू केली, की हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. इंजिन बंद पडते, ते उघडावे लागते आणि खर्च लाखांत जातो. अशा वेळी कंपनीचे म्हणणे असे, की हे नुकसान पुराने केलेले नाही, गाडी चालू करण्याच्या कृतीने केले; आणि अशा ओघाने येणाऱ्या नुकसानीस साधे विमापत्र बांधील नाही. मालकाला हा शब्दच्छल वाटतो; परंतु विमापत्रातील कलम त्याच्या विरुद्ध उभे असते.

म्हणून पाणी साचणाऱ्या वस्तीत राहणाऱ्याने इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी. इतर सर्व जोडांच्या आधी हिचा विचार व्हावा. आणि पाणी शिरलेच, तर किल्ली फिरविण्याचा मोह आवरावा. सुरू होते की नाही हे ‘नुसते पाहण्यात’ शेकडो इंजिने गेली आहेत. गाडी जागेवरून ढकलून किंवा टोचन करून न्यावी, पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गॅरेजात खोलाखोली होऊ देऊ नये.

बाकीच्या जोडांपैकी पूर्ण खरेदीमूल्य परत देणारी जोड नव्या गाडीला आणि चोरीच्या शहरात उपयोगी. जादा रक्कम स्वेच्छेने सोसण्याच्या बदल्यात सूट घेण्याचा पर्याय मात्र दिसतो तितका लाभाचा नाही. जुन्या दरपत्रकात १५,००० रुपये स्वतः सोसण्याची तयारी दाखविली, तर सूट ३५ टक्के, पण ती कमाल २,५०० रुपयांपर्यंतच. २०२२ पासून ‘जितके चालवाल तितका हप्ता’ अशा योजनांनाही परवानगी मिळाली. आठवड्यातून एकदा मंदिरापर्यंत जाणाऱ्या निवृत्त गृहस्थास त्या विचारात घेण्याजोग्या.

काही चुका दावाच बुडवितात. सीएनजीचा संच मागाहून बसविला आणि त्याची नोंद नोंदणीपुस्तकात व विमापत्रात केली नाही. खासगी गाडी भाड्याने फिरविली. मद्यपान करून चालविली. चालकाकडे परवाना नव्हता. अशा प्रसंगी स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाते. तिऱ्हाइताला वाऱ्यावर सोडता येत नाही. परवान्यासंबंधीच्या उणिवांत न्यायालये कंपनीस आधी पैसे देण्यास लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हा मार्ग रूढ आहे. हप्ता पोहोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्याचा नियमही लक्षात असावा. मुदत काल मध्यरात्री संपली आणि अपघात आज सकाळी झाला, तर पंधरा वर्षांचे नियमित हप्ते कामी येत नाहीत. आणि नव्वद दिवस उलटले की साठविलेली बोनस सूटही जाते.

शेवटी गाडी विकण्याबद्दल. पैसे हाती आले, किल्ली दिली, की व्यवहार संपला असे विकणाऱ्यास वाटते. परंतु परिवहन कार्यालयाच्या पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. हस्तांतर झाले नसेल, तर नव्या धन्याने केलेल्या अपघाताचा निवाडा जुन्याच्या दारी येऊ शकतो. विकत घेणाराने चौदा दिवसांच्या आत विमापत्रावर आपले नाव लावून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. दरम्यान तिऱ्हाइताचा विमा त्याच्याकडे आपोआप जातो, गाडीच्या नुकसानीचा जात नाही. बोनस सूट मात्र गाडीची नसून माणसाची असते. तिचे प्रमाणपत्र जुन्या मालकाने कंपनीकडून मागून घ्यावे. पुढे तीन वर्षांपर्यंत तो ते आपल्या दुसऱ्या मोटारीस लावू शकतो.